बाईंनी उगाच भरलेली चूळ

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय केशवराव वकील, व्यासपीठावर बसलेले डॉक्टर गोपाळराव, जिच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या मुख्याध्यापिका सुंदराबाई हुक्केरीकर, माझ्या सहशिक्षिका भगिनींनो, पालकहो, आणि पुढच्या सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलींनो,

पाहिलंत, पहिल्याच वाक्यात चूक झाली. ‘जिच्यासाठी’ नव्हे, ‘ज्यांच्यासाठी’. बाईंनी मान वर केली तेव्हाच मला कळलं. आज निरोप घेतानाही त्या व्याकरण सोडायच्या नाहीत.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या गणिताची, शिस्तीची आणि वक्तशीरपणाची इतकी वाखाणणी केली, की माझ्या वाट्याला फक्त केस उरले आहेत. हसू नका, मी खरंच केसांबद्दल बोलणार आहे. आमच्या शाळेत ‘कुरळ्यांचा शनिवार’ असतो हे पालकांना ठाऊक आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की ज्या मुलींचे केस दाट, कुरळे, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले आहेत त्यांना बाई आवारातल्या जास्वंदीजवळ बसवतात. जास्वंदीची पानं पाण्यात चुरगळून त्याचा बुळबुळीत रस केसांना लावायचा, कोमट तेल चोळायचं, आणि मग ओल्या केसांतच बोटांनी गुंता सोडवायचा. तोही टोकाकडून वर. मुळाकडून खाली ओढायचं नाही, आणि कोरड्या केसांना फणी तर दाखवायचीसुद्धा नाही. गुंता सुटला की मग रुंद दातांचा लाकडी कंगवा. तो कंगवा बाई खडेबाजारातून स्वतः पारखून आणतात, आणि दुकानदार म्हणतो, ‘बाई, बैल घेतानासुद्धा लोक इतके दात बघत नाहीत!’

बेबी, डोकं हलवू नकोस, तुझ्याबद्दलच बोलतेय. गेल्या जूनमध्ये ही आली तेव्हा तिच्या आईला वाटत होतं, की हे केस सरळ होईपर्यंत ओढायचे असतात. आज बघा, कसे मोकळे डुलताहेत. केस तेच आहेत, फक्त त्यांच्याशी भांडण मिटलं आहे.

पण मुख्याध्यापिकेने शनिवारची दुपार मुलींच्या केसांत का घालवावी, हा प्रश्न शाळा-मंडळातल्या काही सन्माननीय सभासदांनी मागे विचारला होता. बाईंनी तेव्हा उत्तर दिलं नाही. त्यांची परवानगी न घेता ते आज मी देते आहे. बाई आज निवृत्त झाल्या, आता मला बाकावर कसं उभं करतील?

मी मच्छे गावची. बाई तेव्हा आमच्या गावच्या मुलींच्या शाळेवर होत्या. शाळा म्हणजे देवळाची ओसरी आणि एक फळा. बाईंची शिक्षा ठरलेली होती. कुणी खोटं बोललं तर छडी नाही, ओरडा नाही. ‘जा, चूळ भरून ये,’ एवढंच. आम्ही रांजणाजवळ जाऊन चूळ भरायचो आणि जागेवर येऊन बसायचो. छडीपेक्षा ते जास्त लागायचं.

मला आई नव्हती. वडील, रवळू त्यांचं नाव, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. घरी मला सांभाळायला होती आत्ती, वडिलांची थोरली बहीण गुणाबाई. माझे केस बेबीसारखेच, किंबहुना दोन बेबी मिळून होतील एवढे. एका पावसाळ्यात मला मुदतीचा ताप आला. मी अंथरुणाला खिळले. ताप उतरला तोवर मानेवरचे केस उशीला घासून घासून एकमेकांत विणले गेले होते. आत्तीनं फणी घेतली आणि मुळापासून ओढली. मी किंचाळले, फणीचे दात मोडले. तेवढ्यात शेजारचे भरमूआप्पा दारातून डोकावले, आणि त्यांनी तो शब्द उच्चारला.

‘‘गुणाबाई, हात लावू नगंस. जट आलीया पोरीला.’’

आपल्या भागातल्या माणसांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. बेबीसारख्या लहानांसाठी सांगते. केसांचा गुंता झाला तर तो आपला असतो, आपण सोडवतो. पण त्यालाच ‘जट’ म्हटलं की तो यल्लम्मा देवीचा होतो. त्याला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, हळद-कुंकू लावायचं. आणि जटेबरोबर ती मुलगीही देवीची होते. तिला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात मोती बांधतात. मग तिचं लग्न व्हायचं नाही, घर व्हायचं नाही, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. देवीवर माझी श्रद्धा आहे, आजही आहे. पण गुंत्याला जट म्हटलं त्या क्षणापासून माझे केस माझे राहिले नाहीत, आणि मीही माझी राहिले नाही, हे खरं.

भरमूआप्पा वाईट नव्हते. त्याच आठवड्यात त्यांचा बैल लंगडला होता, आणि त्याचं कारण त्यांना हवं होतं. ‘‘जटंला फणी लावलीसा, तर गावावर कोप हुईल,’’ असं त्यांनी गावभर सांगितलं. माझी शाळा बंद झाली. माघाच्या पुनवेला न्यायचं ठरलं. त्याआधी घरी पूजा होती. अशीच जट येऊन देवीला वाहिलेली एक जोगतीण आली, तिच्याबरोबर चौंडकं वाजवणारा आला, वडील निपाणीहून आले आणि खाली मान घालून तुळशीपाशी बसून राहिले. मला हिरवं लुगडं नेसवलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते लुगडं फार आवडलं होतं.

आणि अशा भरल्या अंगणात बाई आल्या. मुलगी शाळेत का येत नाही हे विचारायला आल्या होत्या. मला बघितलं, मागून केस चाचपले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, हा गुंता आहे. कुरळ्या केसांची निगा राहिली नाही की असा होतो. मी सोडवते.’’

भरमूआप्पा म्हणाले, ‘‘बाई, तुमी शिकलेल्या, शहरातल्या. तुमचं केस तुळतुळीत. तुमास्नी काय कळणार जटंतलं?’’

बाईंचा अंबाडा आपण सगळे रोज बघतो. तेल लावून इतका घट्ट, की एक केस इकडचा तिकडे नाही. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, एकेक आकडा काढून माझ्या ओंजळीत दिला आणि अंबाडा सोडला. बायाबापड्यांनो, काय सांगू! ते केस खाली पडले नाहीत, ते चहूबाजूंनी उभे राहिले. माझ्यासारखेच. कुरळे, दाट, डोक्याभोवती एवढा मोठा पसारा, आणि पाठीमागून ऊन.

बाईंना एवढंच दाखवायचं होतं, की बघा, माझेही असेच आहेत. पण आपल्या मुलखात देवीच्या पूजेत, चौंडकं वाजत असताना, भरल्या अंगणात एखादी बाई केस मोकळे सोडते, तेव्हा लोक काय समजतात? तेच झालं. चौंडकंवाल्यानं जोर धरला. आणि आमची आत्ती धावत आली, तिनं बाईंच्या पायांवर लोळण घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, ‘‘आलीस व्हय, माझे आई!’’

झालं! भरमूआप्पांनी टोपी काढली. सगळं अंगण वाकलं. जोगतिणीनं भंडारा उधळला, तो बाईंच्या चष्म्यावर बसला. आत्तीनं पाय घट्ट धरून विचारलं, ‘‘आई, ही जट तुजी हाय. पोरगी न्हेतीस, का सोडतीस? तुज्या तोंडानं सांग.’’

मी खाली बसले होते. वर बाईंकडे बघत होते. सभ्यहो, त्यांची अडचण लक्षात घ्या. ‘मी देवी नाही’ म्हणावं, तर मी डोंगरावर जाणार. ‘सोडते’ म्हणावं, तर देवाच्या नावानं खोटं. एका खोट्या शब्दासाठी आम्हाला रांजणाकडे पाठवणाऱ्या बाई! अंगणात चौंडकंही थांबलं.

बाई म्हणाल्या, ‘‘तेल आणा.’’

आत्तीनं हात जोडून विचारलं, ‘‘कंचं तेल, आई?’’

‘‘खोबरेल. कोमट करून.’’

देवीनं आजवर नारळ मागितला असेल, लुगडं मागितलं असेल. कोमट खोबरेल मागणारी देवी मच्छ्यानं पहिल्यांदाच पाहिली. घराघरातून वाट्या आल्या. बाई मला मांडीपाशी घेऊन बसल्या आणि बोटांनी सोडवू लागल्या. टोकाकडून वर, एकेक बट. दुखलं नाही. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावरून कुणाचा इतका सावकाश हात फिरला नव्हता. मी तिथेच झोपले. जागी झाले तेव्हा मान हलकी झाली होती. मानेवरचा एक गठ्ठा सुटतच नव्हता, तो आत्तीनं स्वतःच्या हातानं कापला आणि परडीत ठेवला. ‘‘आईचं आईला पावलं,’’ असं म्हणून भरमूआप्पांनीच निकाल दिला. त्यांचा बैलही पुढे बरा झाला. त्याच्या खुरात काटा होता.

एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. ती जोगतीण सारा वेळ जवळ बसून बाईंची बोटं बघत होती. निघताना तिनं आपल्या जटेवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, ‘‘माज्याबी डोस्क्यात असाच गुंता हुता काय वं, बाई?’’ बाईंनी तिचा हात धरला आणि त्या रडल्या. कुरळ्यांचा शनिवार त्यानंतर सुरू झाला. सन्माननीय सभासदांना उत्तर मिळालं असेल, अशी आशा आहे.

त्या दिवशी निघण्यापूर्वी बाई आमच्या रांजणाजवळ गेल्या. तांब्या घेतला आणि चूळ भरली. इतरांना वाटलं, तोंडात भंडारा गेला असेल. मला कळलं.

हे मी कधी बोलले नसते. पण परवा कपाट आवरताना बाई मला म्हणाल्या, ‘‘मालू, नोकरी सरळपणानं केली. एकच सल राहिली. त्या दिवशी तुझ्या आत्तीची भाबडी श्रद्धा होती आणि मी तिला फसवलं.’’ इतकी वर्षं आम्हाला खरं बोलायला शिकवणारी ही बाई मनात हे घेऊन वावरत होती! मला राहवलं नाही. रविवारी मी मच्छ्याला गेले आणि आत्तीला सगळं सांगितलं. आत्ती आता थकली आहे, पण जीभ थकलेली नाही. ती आधी हसत सुटली. मग काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगते.

‘‘आगं, देवी कवा चष्मा लावून येती व्हय? बोटाला शाईचं डाग हुतं तिच्या. मला काय दिसत न्हवतं? तुला न्हेऊ द्यायचं माज्या लई जिवावर आलतं. पर गावाला न्हाय कसं म्हणू? मी एकटी रांडमुंड बाई, तुजा बा तर मान वर करंना. बाईंनी केस सोडलं आन मला वाट गावली. म्हनून मीच पयली पाया पडले. मी पडले म्हनून गाव पडलं.’’

मी म्हटलं, ‘‘आत्ती, मग खोटं तू बोललीस?’’

‘‘व्हय तर. देवीचं न माजं आमी बघून घिऊ. तिलाबी लेकरं हाईत. पर बाईंस्नी सांग, चूळ माजी हुती. त्यांनी उगंच भरली.’’

बाई, डोळे पुसा. मुली बघताहेत. तुम्ही त्या दिवशी कुणाला फसवलं नाही. तुम्ही फक्त तेल मागितलंत, आणि ते तुम्हाला खरोखरच हवं होतं. यात खोटं कुठं आलं? हा गुंता तुम्ही इतकी वर्षं मुळाकडून ओढत होता, म्हणून दुखत होता. आज सुटला. मला तर आज इतकं हलकं वाटतंय, जणू पुन्हा एकदा मान मोकळी झाली.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा आवरतं घेते. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची, व्यासपीठावरच्या मान्यवरांची आणि शांतपणे ऐकणाऱ्या आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुठं गाठ पडली असेल, तर ती ओढून तोडू नये, टोकाकडून सावकाश सोडवून घ्यावी ही विनंती.

आणि बाई, तुमची परवानगी असेल तर शेवटच्या रांगेतून एक पाहुणी वर येऊ इच्छिते. आत्ती, ये गं. काठी घे. ही मच्छ्याहून सकाळच्या गाडीनं आली आहे. तुम्ही मागितलं होतं ना, ते तिनं परत आणलं आहे. बाटली पदरात धरून आणली, तरी वाटेत गार झालं. कोमट राहिलं नाही, तेवढी कसूर माफ करा.