महादेवप्पांची स्पोर्ट कार

लातूर नवा जिल्हा झाला आणि वाहनांच्या नोंदी नव्यानं तपासणं सुरू झालं. ट्रॅक्टरचे कागद घेऊन रांगेत उभ्या सटवाजीचे कान पुढच्या महादेवप्पांकडं लागले होते.

“काका, गाडी कुठाय?” खिडकीतल्या साहेबानं विचारलं.

“गावात. दोन शिटांची, उघड्या टपाची स्पोर्ट कार, साहेब! वडलांनी हैदराबादेहून आणल्याली. औसा तालुक्यात एकच.”

“मग तपासणीला आणायची ना!”

“इंजन विहिरीवर हाय. दुष्काळात गावच्या पंपाची मोटर जळाली. आमच्या वीरण्णा मिस्त्रीनं इंजन उतरवलं, गिरणीचा पट्टा लावून पंपाला जोडलं. लई पाणी ओढायलंय.”

“आणि शिटं?”

“एक सरपंचाच्या बुडाखाली, एक दवाखान्यात.”

“हॉर्न तरी?”

“शाळेत. घंटा चोरीला गेल्ती.”

“काका, आठ दिवसांत इंजन परत गाडीत बसवा. नाही तर नोंद रद्द. मग ती जन्मात रस्त्यावर यायची नाही.”

सटवाजीनं रांगेतून मान पुढं काढली.

“मग गाव काय पिईल? करा रद्द.”

“बरं. कारण लिहितो, गाडी बंद पडली.”

“ओ साहेब, खोटं लिहू नका! सकाळी सहापासून चालू हाय ती.”