मागची सीट

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मासिक उघडलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं. कान शेजारच्या नवराबायकोकडे लागले होते.

"कंबर कशाने धरली, असं डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगणार?"

"गाडीने."

"चालवून की ढकलून?"

"हळू बोल गं."

"का? गाडी बनवली त्या इटलीत ऐकू जाईल? रोज रात्री ते बाइकचं लाल धूड पायरीवरून हॉलमध्ये चढवायचं, सकाळी उतरवायचं. त्याच्यापायी सोफा गॅलरीत गेला!"

"बाहेर कुणी ओरखडा काढला म्हणजे?"

"आणि चालवता कुठवर? पेट्रोल पंपापर्यंत. पुढे म्हणे खड्डे आहेत!"

"तिला रस्ता चांगला लागतो."

"जुनीचे असले नखरे नव्हते. सिलिंडर, दळण, माझी आई, सगळं वाहिलं बिचारीने. ती दिलीत माझ्या भावाला, उपकार केल्यासारखी."

"जन्मभर सिलिंडरच वाहिले. हिच्यावर बसलो की वाटतं, आपणही कुणीतरी आहोत."

"हिला मागची सीटच नाही."

"सुपरबाइक आहे ती. एकट्याचीच असते."

"हो ना. आणि जुनीवर तुमच्यामागे मी बसायचे, तेव्हा कोण होतात तुम्ही?"

बाईंच्या मांडीवरून मासिक घसरलं. नवरा उचलायला वाकला आणि तसाच अडकला.

"आई गं! आता घरी कसं जायचं?"

"भावाला बोलावलंय. जुनी घेऊन येतोय."

"बरं केलंस."

"मागे जागा एकाचीच आहे. मी बसणार आहे."