तेरवीचा फोटो

तुमसरच्या फोटो स्टुडिओत रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी उभी होती, नवऱ्याचा मोबाईल घेऊन. ती काउंटरवरच्या पोराला म्हणाली,

"परवा तेरवी आहे, बाबू. याच्यातला आमच्या ह्यायचा फोटो मोठा करून दे."

"काकू, याच्यात त सारी फुलंच आहेत. दोडक्याची, शेवंतीची, पुन्हा शेवंतीची."

"घरामागच्या वाडीतली आहेत. रोज सकाळी काढत अन् साऱ्यायले पाठवत."

"काकाजीचा एकबी नाही?"

"एकडाव म्हनले, माहा काढ. मी म्हनलं, तुमचं थोबाड पाहून काय करू?"

"आधारवरचा करू?"

"नोको. त्याच्यात चोरावानी दिसतेत. थांब, हा जास्वंदाचा फोटो पाह्य. फांदी धरलेला हात त्यायचाच आहे."

"हाताचा फोटो? मंग हार कुठं घालसान, काकू?"

"मनगटाले."