डावीकडून चौथं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या पिशवीतून आजींनी नवंकोरं पुस्तक ओढून काढलं.

“पुन्हा पुस्तक? पलंगाखाली पुस्तकं, पिठाच्या डब्यामागे पुस्तकं!”

“पातळच आहे गं.”

“आणि हे आहे आपल्याकडे! खिडकीजवळच्या फळीवर, डावीकडून चौथं.”

“बरं पाठ आहे तुला!”

“तीस वर्षं धूळ कोण झटकतंय? तुम्ही नुसतं आणून टाकायचं!”

“त्यातलं अक्षर बारीक आहे. हे मोठ्या अक्षरातलं.”

“तुमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तपासायला मी आलेय.”

“म्हणूनच घेतलं. रोज तासभर त्याच फळीपाशी उभी असतेस, एका हातात फडकं आणि पुस्तक नाकाला लावून. एवढी धूळ असते होय?”