सेकंदांची आई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कालुंगवे खाणीचे प्रमुख माननीय श्री. सिम्फुक्वेसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले कामगार संघटनेचे पदाधिकारी, आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती अगाथा कापासा, पहिल्या रांगेत कोट घालून बसलेले आणि घाम पुसत असलेले त्यांचे यजमान, रात्रपाळी संपवून डोळे चोळत आलेले माझे सहकारी, आणि केवळ मागच्या दाराकडून येणाऱ्या कोंबडीच्या वासावर भरवसा ठेवून बसलेले सर्व बंधू-भगिनी. मुकवाई, आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी लुकोंडे. स्फोट नियंत्रण कक्षात काम करतो. खाली सुरुंग भरले जातात, पाळी वर येते, भोंगा होतो आणि मग वर बसून दोन चाव्या फिरवल्या जातात. त्यांपैकी एक चावी माझ्याकडे असते. ज्याचं काम रोज एकदाच आवाज करायचं, त्याला आज भाषण करायला सांगितलंय. तेव्हा सांभाळून घ्या.

कापासाबाईंविषयी काय बोलावं? बावीस वर्षं त्यांनी या खाणीतले संगणक सांभाळले. सांभाळले म्हणजे काय, नांदवले! कारण हे एका घरातले नव्हतेच मुळी. कचेरीत आणि आमच्या कक्षात विंडोज. फाटकांवर आणि पंख्यांवर लिनक्स. टोपीवरच्या दिव्यांच्या खोलीत तर असं एक जुनाट यंत्र, की त्याला हात लावायला कुणी धजत नसे. प्रत्येकाची बोली वेगळी, सवयी वेगळ्या. आणि घड्याळं? कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! विंडोजवाले कचेरीतल्या मोठ्या यंत्राला वेळ विचारायचे. लिनक्सवाले बाहेरच्या लाइनवरून कुठल्या तरी दूरच्या घड्याळाला विचारायचे. लाइन तुटली, आणि आपल्याकडे ती कधी तुटलेली नसते, की ज्याला जे वाटेल ते वाजायचं.

बाई म्हणायच्या, "एकच नळ हवा. छतावर उपग्रहाकडून वेळ घेणारं एक यंत्र बसवा, आणि मग विंडोज असो, लिनक्स असो, सगळ्यांनी तिथूनच पाणी भरायचं." हा प्रस्ताव त्यांनी दर वर्षी मांडला. दर वर्षी त्याचं भिजत घोंगडं झालं. तेव्हाचे साहेब म्हणायचे, "बाई, नऊ-दहा मिनिटांनी कुणाच्या ताटातली न्शिमा थंड होत नाही."

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. जेवणाच्या खोलीत, खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या रांगेत, एकदा तर कुणाच्या अंत्ययात्रेत त्यांनी मला थांबवून विचारलंय, "तुझ्या कक्षाचं घड्याळ किती वाजले म्हणतंय?" नाकावर राग, जिभेवर मिनिटं! मग आम्ही काय केलं असेल? जे खाणीतली माणसं करतात तेच. नाव ठेवलं.

आता आपल्यात लग्न झालेल्या बाईला कुणी नावानं हाक मारत नाही. पहिल्या मुलाचं नाव काय, त्याची ती आई, बाना अमुक. माझी बायको बाना म्वेन्या. शेजारीण बाना काबासो. पण कापासाबाईंना मूल नाही. हे मी त्यांची परवानगी घेऊन बोलतोय, सकाळी घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. सगळ्यांना ठाऊकच आहे, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नाही." तर खाणीनं त्यांना नाव दिलं, बाना सेकोंडी. सेकंदांची आई. पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. त्या ओ द्यायच्या. ओ देताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा तेही मी पाहिलंय. फार वाईट दिसायचं ते, मित्रहो. तरी आम्ही हसायचो.

अध्यक्षमहोदय, आता मी त्या दुपारकडे वळतो. तुमच्या मांडीची चुळबुळ मला इथून दिसते आहे. (हसू नका रे.) सभागृहाला सांगितलं पाहिजे, की सिम्फुक्वेसाहेब तेव्हा खाणप्रमुख नव्हते, आमच्या पाळीचे माइन कॅप्टन होते. दुसरी चावी त्यांची. मी काल त्यांना विचारलं, "साहेब, तो प्रसंग वगळू का?" तर म्हणाले, "लुकोंडे, सांगायचा तर माझ्यासकट सांग. नाहीतर गप्प बसून जेव." तेव्हा त्यांच्यासकट सांगतो.

दिवस वीज जाण्याच्या मोसमातला. दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. सगळं नेहमीसारखं सुरू झालं. चारचा स्फोट. खालची पाळी वर यायला लागली. माणसं वर येतात ती दोन वाटांनी, एक पिंजऱ्यातून, दुसरी रॅम्पच्या रस्त्याने. दोन्हीकडे फाटक आहे, तिथे छातीवरची ओळखपट्टी टेकवायची. फाटकाचं यंत्र नोंद करतं, कोण आत गेला, कोण बाहेर आला, किती वाजता. आणि आमच्या कक्षातला, संगणकाच्या पडद्यावरचा फळा प्रत्येकाची वेळेनुसार शेवटची नोंद बघून ठरवतो, हा माणूस आत की बाहेर. लक्षात ठेवा, वेळेनुसार शेवटची. फळ्यावर आतल्या माणसांचा आकडा शून्य झाला की भोंगा. मग चाव्या.

आकडा शून्य झाला. भोंगा झाला. कॅप्टननी चावी लावली, मी लावली.

तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. पायात एकच चप्पल. दुसरी आवारात कुठेतरी राहिली होती.

"थांबा," म्हणाल्या. "रॅम्पचं फाटक खोटं बोलतंय."

कॅप्टन म्हणाले, "बाना सेकोंडी, घरी जा. भोंगा झालाय."

"वीज गेली तेव्हा ते यंत्र झोपलं. त्याची आतली बॅटरी मेलेली आहे. जागं झालं तेव्हा मध्ये वेळ गेला हे त्याला कळलंच नाही, जिथे झोपलं तिथूनच पुढे मोजायला लागलं. बाहेरची लाइन तुटलेली, विचारणार कुणाला? नऊ मिनिटं मागे आहे ते."

"तुम्हांला कसं कळलं?"

"कचेरीतल्या विंडोजनं त्याला दारात उभं केलं नाही म्हणून. पाच मिनिटांहून जास्त फरक असला की ते आत घेत नाही, अनोळखी म्हणतं. तशी तक्रार आली माझ्याकडे. पण फळ्यावर त्याच्या नोंदी वेगळ्या वाटेने येतातच आहेत. त्याही नऊ मिनिटं शिळ्या."

कॅप्टननी हात जोडले, म्हणजे वैतागून जोडतात तसे. "मग उद्या ते घड्याळ नीट करा. फळ्यावर शून्य आहे. खाली सगळे सुरुंग भरून तयार आहेत. स्फोट टळला तर रात्रपाळीला उतरवता येत नाही, मला वर जाब द्यावा लागेल. लुकोंडे, चावी."

मी बाईंना विचारलं, "बाई, खाली कुणी आहे याची तुम्हांला खात्री आहे?"

मित्रहो, त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर किती सोपं झालं असतं! पण त्या म्हणाल्या, "नाही. शून्य खरंही असेल. मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच धावत आलेय."

"ऐकलंस?" कॅप्टन म्हणाले. "त्यांनाच माहीत नाही. फिरव."

माझा हात चावीवर होता. आदेश आदेश असतो. आणि बाईंनी काय केलं? पुढे येऊन माझ्या हातावर आपला पंजा दाबला, चावीसकट. "फिरव," म्हणाल्या. "माझी बोटं मोडून फिरव."

बाहेरून निरोप आला, भोंगा होऊन गेला, अजून का थांबलात? बाईंचा हात बर्फासारखा गार होता. म्हणजे ही बाई घाबरलेली आहे, हे मला कळलं. नोकरी जाऊ शकते, हे त्यांना कळत होतं. तरी हात काढेनात.

कॅप्टन ओरडले, "मग तुम्हीच बघा ना फळ्यावर! दाखवा मला कोण आत आहे ते!"

"मी नाही बघणार. मी बघितलं तर म्हणाल बाईनं आकडे फिरवले. तुम्ही बसा, कॅप्टन. रॅम्पच्या प्रत्येक नोंदीत नऊ मिनिटं मिळवा आणि मग शेवटची कुठली ते बघा. तुमच्या डोळ्यांनी."

अध्यक्षमहोदय, तुम्ही तेव्हा खुर्ची अशी ओढलीत की तिचा पाय वाकला. ती अजून तशीच डुलते, मी रोज तिच्यावर बसतो. तुम्ही बसलात, बडबडत बसलात, "नऊ मिळवा म्हणे, शाळा मांडलीये म्हणे..." आणि एकेक नाव खाली सरकवायला लागलात. बडबड चालू होती. मग ती थांबली.

मला फक्त तुमची पाठ दिसत होती.

मग तुम्ही हळूच म्हणालात, "चिबुये."

चिबुये पाइप जोडणारा. पिंजऱ्यातून वर आला होता, तशी नोंद होती. काही मिनिटांनी रॅम्पनं पुन्हा खाली गेला होता, तशीही नोंद होती. पण रॅम्पचं घड्याळ मागे, म्हणून त्याचं खाली जाणं त्याच्या वर येण्याच्या आधीचं ठरलं होतं. फळा म्हणत होता, बाहेर आहे. माणूस आत होता.

कॅप्टननी स्वतःची चावी उपसली आणि खिशात टाकली. मग खालच्या विश्रांतीच्या खोलीला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. बाईंनी माझ्या हातावरचा हात काढलेला नव्हता, मीही सांगितलं नाही की आता काढा. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला. तोंडात काहीतरी चावत चावत.

"हां, कोण?"

"चिबुये, खाली काय करतोयस?" कॅप्टनचा आवाज असा फुटला होता की मला ओळखू येईना.

"कॅप्टन, जॅकेट राहिलं होतं. खिशात सासूबाईंनी कासामाहून पाठवलेली सुकी फिंकुबला होती, अळ्यांची अख्खी पुडी. ती हरवली असं सासूला सांगायचं तर स्फोटात गेलेलं बरं."

हसा, हसा. आम्हीही हसलो. कॅप्टन हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात सोडला, आपली बोटं चोळली आणि म्हणाल्या, "त्याला म्हणावं, तिथेच उभा राहा, दोन माणसं न्यायला येतील. आणि रॅम्पच्या घड्याळाला आज रात्री कुणी हात लावायचा नाही, मी लावणार." मग चप्पल शोधायला बाहेर गेल्या.

त्या दिवशी स्फोट झाला नाही. जाब द्यायला बाईंना बोलावलं नाही, कॅप्टन एकटे गेले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण छतावर ते यंत्र त्याच महिन्यात बसलं. आज आपल्याकडचा प्रत्येक संगणक, विंडोज असो की लिनक्स, त्याच एका नळावर पाणी भरतो. दिव्यांच्या खोलीतलं म्हातारंसुद्धा! आणि एखादं घड्याळ जरा जरी मागे-पुढे झालं तर आता फळा शून्य दाखवतच नाही, लाल होतो आणि चाव्या लागत नाहीत. बाईंची बोटं तिथे कायमची बसवली आहेत म्हणा ना.

आता शेवटचं. चिबुये तिसऱ्या रांगेत बसलाय. मांडीवर पुडी आहे, आत काय आहे ते ओळखा. त्याला भाषण येत नाही, म्हणून माझ्या तोंडून मागणं मागतोय. तो म्हणाला, "लुकोंडे, बाईला नाव मुलावरून पडतं. ज्याला तिनं जगात आणलं त्याच्यावरून. मग मला या जगात ठेवलं कुणी?" मी म्हटलं, "अरे, तुझी आई आहे ना कासामात?" तर म्हणतो, "तिला विचारून आलोय. ती म्हणाली, आपल्यात आई एकटी कधी असते? मावश्याही आयाच. आणखी एकीनं माझं काय कमी होतंय?"

तेव्हा बाई, बाना सेकोंडी हे नाव खाण आज परत घेत आहे. ते आम्ही द्यायलाच नको होतं. तुम्ही उठू नका, बसून राहा. चिबुये, तू ऊठ.

माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, अध्यक्षांनी वाकवलेल्या खुर्चीचा उल्लेख झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोललो. सत्कारमूर्तींनी दोन वेळा घड्याळाकडे बघितलंय, पण आता त्यांना डोळे पुसायचेत, घड्याळ दिसत नाहीये. आयोजकांचे, स्वयंपाकघरातल्या बायकांचे आणि तुम्हां सर्वांचे मनापासून आभार. नतोतेला, मुकवाई.

चल, चिबुये. हाक मार. मोठ्यानं मार, मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे.

बाना चिबुये!