पाच फेरे

—नाही हो अक्का, साठ रुपयांत कुठं होतं? कय्युम म्हणे होईल, म्हणून काय होतं का? टीव्हीचं मागचं झाकण मी उघडलं, त्यानं थोडंच उघडलं! बसा ना. ट्यूब गेली तुमची. गेली म्हणजे गेलीच. आता दोन रस्ते—एक, नवी ट्यूब. त्या भावात अर्धा टीव्ही येतो, अंगणवाडीच्या पगारात ते बसायचं नाही. दुसरा, रीगनची—काच जुनीच, आत गन नवी बसवतात, दोन वर्षं चालते, तीनही चालते, नशिबाचा खेळ. भुसावळहून मागवून देतो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचा अख्खा दिवस त्या डब्यावर जातो, मला काय कळत नाही?

परवा आणला तेव्हा चित्र दिसत होतं म्हणता—दिसत होतं ना, नाही कोण म्हणतं! पण लालभडक, वर आडव्या पांढऱ्या रेघा. ट्यूबच्या मानेत एक बारीक तार तापते, ती आत चिकटली का असं होतं. त्यावर कय्युम काय करतो? ट्रान्सफॉर्मरला वायरचे तीन फेरे मारतो, त्या तारेला तिकडून वेगळा करंट देतो, झालं काम. अन् बठ्ठा जळगाव म्हणतो, कय्युमच्या हातात जादू शे! जादू कसली? त्याला सोल्डर धरायला कोणी शिकवलं? या भिकननं! बन्सीलालभाऊंच्या दुकानात मी त्याच्याआधी दोन वर्षं होतो. अन् भाऊ थकले तेव्हा करंट तपासायचा आपला मीटर दिला कोणाला? कय्युमला. मला काय दिलं—‘भिकन, तुनी घाई तुलेच खाई.’ झाली माझी वाटणी! जळतो मी, अक्का, खोटं कशाला बोलू. माझी सुंदरबाई—माझी, घरची!—मिक्सर बिघडला तर पदराखाली झाकून त्याच्याकडे नेते. म्हणे तुम्ही महिनाभर ठेवता.

फेरे मी स्वतः मोजलेत. सोल्डर घ्यायच्या निमित्तानं गेलो होतो त्याच्याकडे. तो म्हणे, ‘भिकनभाऊ, असे जवळ या, दाखवतो.’ मी म्हटलं, मला येतं. येतं म्हटल्यावर मग जवळ कसं जायचं? लांबूनच मोजले. तीन. आता तुम्हीच सांगा, तिनात काय उजेड पडणार? चित्र कसं लख्ख पाहिजे, गिऱ्हाइकानं म्हटलं पाहिजे का कय्युमकडे असं दिसत नाही! पाचात काय रंग फुटले हो अक्का—हिरवा म्हणजे केळीचं कोवळं पान—दोन मिनिटं मी नुसता पाहत राह्यलो, अन् मग तार पांढरीफेक झाली, अन्—

...का उठल्या? बसा. कोणाच्या टीव्हीत म्हणजे? ...हो. तुमच्याच. मारले पाच. मीच जाळली ट्यूब, अन् तुम्हालाच भाव सांगत बसलोय, लाज वाटते मला. रीगनची माझ्या पदरची बसवून देतो, शपथ. फक्त कय्युमला सांगू नका. हसेल तो. हसणार नाही? कशावरून? ...

कोणी पाठवलं? त्यानं? तुम्हाला, माझ्याकडे? ...आधी का नाही बोलल्या मग? सांगत होत्या?—हो, सांगत असाल. कय्युमचं नाव निघालं अन् पुढचं मी ऐकलंच नाही. धुळ्याला गेलाय, मेव्हणीच्या लग्नाला, बरं. अन् काय म्हणाला? ...पुन्हा म्हणा. ...‘नाजूक कामाला माझ्यापेक्षा भिकनभाऊचा हात हलका आहे.’ असं? त्याच्या तोंडानं?

शनिवारी या तुम्ही. नाही, आता काही बोलू नका. जा अक्का, शटर ओढायचंय मला.