मल्लाप्पांची थोरली लेक

मोटारीचं काय सांगू तुमाला! निजामाच्या राज्यात आमच्या गल्लीत एकच मोटार होती, शेजारच्या मल्लाप्पांची. त्यांच्या वडलांनी घेतलेली. "ही माझी थोरली लेक," असं म्हणायचे मल्लाप्पा. खरी लेक गौरा नंतर झाली.

गौराला बघायला आलेल्या पूर्णेच्या पाहुण्यांनी हुंड्यात मोटार मागितली. मल्लाप्पा ताडकन उठले, "पोरगी न्या, मोटार मिळणार न्हाई!"

पाहुणे चहा न पिताच गेले. पुन्हा कुणी आलं नाही.

बारा वर्षांनी दसऱ्याला गौरा ती बंद पडलेली मोटार पुसत होती. मल्लाप्पा ओट्यावरच बसलेले. मला मेलीला राहवलं नाही, "गौरे, तुझ्या लग्नाचं काय गं?"

ती मोठ्यानं म्हणाली, "थोरली घरात बसलेली असताना धाकटीचं कोण बघतंय, काकू?"